चॅप्लिन आपली माळ्यावरची खोली बघायला परत गेला. तुम्ही गेलात का जुन्या घरी?

सायझिंग_खातं

नमस्कार मंडळी. चॅप्लिनचं आत्मचरित्र (१९६४चं) परत वाचून काढलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. विषय त्याच्या सिनेमांचा नाही, त्याच्या घराचा आहे.

१९२१ मध्ये चॅप्लिन नऊ वर्षांनी लंडनला आला. वय ३२. वॉटर्लू स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नव्हती एवढी गर्दी, उतरायला रिट्झ हॉटेल. आणि हा माणूस हॉटेलच्या मागच्या दारानं निघून टॅक्सी करून थेट केनिंग्टनला गेला, म्हणजे त्याच्या गरिबीच्या गल्लीत. मग एका रात्री मित्रांना घेऊन पाउनल टेरेसच्या ३ नंबरच्या घरात, वरच्या मजल्यावर. तिथं उतरत्या छपराखालच्या खोलीत तो आणि आई राहायचे. बाप दारू पिऊन १९०१ लाच गेलेला, आईला वेड लागून दवाखान्यात ठेवलेलं, मोठा भाऊ सिडनी जहाजावर कामाला. १९२१ ला हा गेला तेव्हा त्या खोलीत एक बाई राहत होती, तिनं आत घेतलं.

आता आमच्या घरचं सांगतो. अप्पा गिरणीत सायझिंगला होते, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात. आम्ही सगळे चाळीत वाढलो. गिरणी बंद पडली, आम्ही जुळे सोलापूर ह्या शहराच्या नव्या भागात आलो त्याला बरीच वर्षं झाली. अप्पा हल्ली एकच धरून बसलेत, मला एकदा चाळ दाखव. आणि आजोबा तेलंगणातल्या करीमनगर भागातून आले म्हणतात, ते गाव कुठलं, तेही शोध. धाकटा भाऊ म्हणतो कशाला ते जुनं उकरायचं, अप्पांना त्रास होईल, तिथं आता आपलं कोण हाय. माझं मत स्पष्ट आहे, न्यावं. सांगणारा माणूस समोर बसलाय तोवरच हे होतंय, नंतर भिंती बघून काय कळणार? तुम्हाला काय वाटतं, तुमचे अनुभव लिहा.

शेंगाचटणी

न्या की. विचारायलाय काय त्यात. गाडी काढायची, अप्पांना पुढच्या सीटवर बसवायचं, चाललं.

नवी_पेठ_कर

त्याच ट्रिपमधली अजून एक गोष्ट. पहिल्या तीन दिवसांत त्याला ७३ हजार पत्रं आली होती. त्यात शेकडो लोकांनी लिहिलेलं की आम्ही तुझे नातेवाईक. नऊ बायकांनी तर आम्हीच तुझी आई असं लिहिलं! खरी आई तेव्हा अमेरिकेत, पोरांनी त्याच वर्षी तिला तिकडं नेलेली.

शेंगाचटणी

नऊ आया 😂 लग्नात आमच्याकडं पण असेच येतेत, पत्रिका नसताना. पण खरं सांगू का, त्या बायकांतली एखादी खरंच पोर हरवलेली असणार. त्या काळात पोरं कुठं कुठं जायची.

भद्रावती_अक्का

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

आमची आई विडी कामगार. अख्खं आयुष्य मांडीवर सूप. पहाटे तेंदूची पानं भिजवायची, मग फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, जर्दा भरायचा, बोटानं वळायची, दोऱ्यानं गाठ. हात चालू आणि तोंडानं आम्हाला पाढे. कारखान्यात नेऊन दिल्या की तिथं छाट काढायचे, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकायचे, आणि छाटाचे पैसे नाही. त्या दिवशी आई घरी येऊन बोलायचीच नाही. मी स्वतः सहावीत असल्यापासून दोरा बांधायला बसलेय, म्हणून सांगते.

तर चॅप्लिनची आई हॅना. ती आधी स्टेजवर गाणारी, आवाज गेला म्हणून काम गेलं, मग घरी बसून ब्लाउज शिवायची. मशीन हप्त्यावर घेतलेलं, हप्ते थकले तसं मशीन उचलून नेलं. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्या गल्लीत हेच बघितलंय हो, फक्त मशीनच्या जागी टीव्ही नाहीतर गॅस.

आता मुद्दा. आईला मी विचारलं होतं, अव्वा, साखर पेठेतली ती खोली बघायची का. ती म्हणाली, मला नको, मी ती खोली बघून बघूनच निघालेय. मी पुन्हा विषय काढला नाही. आणि ती बरोबर आहे असं मला आजही वाटतं. चॅप्लिनची आई गेली का परत बघायला? गेला तो पोरगा. पोरांना वाटतं बघावंसं, ज्यांनी ते दिवस ओढले त्यांना विचारा. अप्पा स्वतः म्हणतायत म्हणून न्या, पण सगळ्यांना न्यावंच असा नियम करू नका.

सायझिंग_खातं

अक्का, पटलं. नियम करत नाही. आमच्याकडं अप्पाच मागं लागलेत, आणि अडवणारा धाकटा आहे. म्हणजे तुमच्याकडच्या उलटं.

जुनी_मिल_भोंगा

चॅप्लिन आणि सोलापूर म्हटल्यावर मला तिसरीच गोष्ट आठवते. २२ सप्टेंबर १९३१ ला लंडनच्या पूर्व भागात कॅनिंग टाउनमध्ये एका भारतीय डॉक्टरच्या घरी चॅप्लिन गांधीजींना भेटला. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी तिकडं होते. त्यांनी ह्याचा एकही सिनेमा बघितलेला नव्हता. चॅप्लिननं विचारलं काय तर तुमचा यंत्राला विरोध का? गांधीजींनी सांगितलं, यंत्रानं आम्हाला इंग्लंडवर अवलंबून केलंय, म्हणून आपलं सूत आपण कातणं हे आमच्याकडं देशाचं काम झालंय. लगेच त्याच आठवड्यात गांधीजी लँकेशायरला गिरणी कामगारांच्या घरी जाऊन आले.

आता त्याच वर्षी आपल्याकडं काय झालेलं? १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना येरवड्यात फाशी. आधीच्या मे महिन्यात गावात मार्शल लॉ, गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा. म्हणजे ज्या माणसाची टोपी घातली म्हणून सोलापुरात लोकं आत जात होती, तोच माणूस लंडनमध्ये चॅप्लिनशी यंत्रावर बोलत बसला होता, आणि आपलं गाव यंत्रावर जगत होतं. जुनी मिल १८७७ची. मग १९३६ मध्ये चॅप्लिननं तो कारखान्याचा सिनेमा काढला, पट्ट्यावर नट आवळत आवळत वेडा होणारा कामगार. त्या भेटीचा त्यात किती हात आहे हे मी सांगणार नाही, पण माझ्या वडलांनी तो सिनेमा बघितला आणि हसता हसता म्हणाले, हा साच्यावर (म्हणजे मागावर) उभा राहिलेला दिसतोय.

हत्तरसंग

भोंगा साहेब, माहिती एक नंबर, पण विषय घराचा चाललाय.

जुनी_मिल_भोंगा

गिरणी म्हणजे घरच होतं की आमचं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आजी चूल पेटवायची, घरात घड्याळ नव्हतंच.

तारेपलीकडं

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो.

आमचे आजोबा सेटलमेंटमध्ये जन्मले. नवीन लोकांसाठी सांगतो, इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात त्यांची मोठी वसाहत केली, भोवती तारेचं कुंपण, रोजची हजेरी. बाहेर जायचं तर पास. आणि त्याच लोकांना गिरण्यांत कामाला लावलं. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. तोपर्यंत आजोबा बापे झाले होते.

चॅप्लिन सात वर्षांचा असताना आई आणि दोन पोरं लँबेथच्या वर्कहाउसमध्ये गेली. गरिबांना ठेवायची सरकारी जागा, आत गेल्यावर आई एकीकडं, पोरं एकीकडं. मग पोरांना लांब हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. तिथं डोक्यात नायटे झाले म्हणून चार्लीचं डोकं भादरून आयोडीन फासलं, आणि तसल्या पोरांना वेगळं ठेवायचे, बाकीची पोरं खालून खिडकीकडं बघून तिरस्कार करायची. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी आणि हे, मला दोन्ही एकाच घरातलं वाटतं.

आणि अजून एक आहे. चॅप्लिननं स्वतः लिहून ठेवलंय की आजी निम्मी जिप्सी होती. घरात हे लपवून ठेवायचे. युरोपात त्या लोकांचं जे केलं ते आपल्याकडच्या भटक्यांसारखंच, चोर म्हणायचं आणि हाकलायचं. जगातला एवढा मोठा माणूस मोकळेपणानं सांगतो, माझ्यात ते रक्त आहे. आमच्याकडं कॉलेजला गेलेली पोरं अजून पत्ता विचारला की शेजारच्या पेठेचं नाव सांगतात. मी पण सांगायचो. आता सेटलमेंट म्हणूनच सांगतो.

माझं मत, जावं. आणि पोरांना घेऊन जावं.

भद्रावती_अक्का

दादा, वाचून खूप वेळ काही टाइप करता आलं नाही. तुम्ही आजोबांचं सगळं लिहून काढा. इथं नको, वहीत लिहा, नीट.

नवी_पेठ_कर

@तारेपलीकडं, जिप्सीवरून आठवलं. चॅप्लिनचा जन्माचा दाखलाच सापडलेला नाही! १६ एप्रिल १८८९ ही तारीख तो सांगायचा, लंडनचा वॉलवर्थ भाग. १९५२ मध्ये अमेरिकेनं सांगितलं म्हणून इंग्लंडच्या गुप्तहेर खात्यानं शोधला, त्यांनाही नोंद मिळाली नाही. आणि त्याच्या टेबलाच्या कुलूपबंद कप्प्यात एक पत्र होतं, ते तो गेल्यावर मुलीला मिळालं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकला ब्लॅक पॅच नावाची जिप्सींची पालं पडायची जागा होती, तिथं एका गाडीत तुझा जन्म झाला, असं कुणीतरी म्हाताऱ्या माणसानं लिहिलेलं. खरं की खोटं, पुरावा काही नाही. पण बाकीची हजारो पत्रं सोडून हे एकच कुलपात ठेवलं, ह्यावरनं तुम्ही समजा.

हत्तरसंग

म्हणजे गुप्तहेर खात्याला मिळेना आणि आपण करीमनगरचं गाव शोधायलोय 😀

सायझिंग_खातं

शोधायचंच. 😀

देगाव_नाका

मला थोडं खुपतंय ते लिहू का. चॅप्लिन १९३१ ला परत आला तेव्हा हॅनवेलच्या त्या शाळेत गेला. पोरांना टोपी-काठीच्या गमती करून दाखवल्या, पोरं वेडी झाली. निघताना सांगितलं परत येतो, तुमच्यासाठी सिनेमाचं मशीन आणतो. ठरलेल्या दिवशी पोरं वाट बघत, बाहेर गावातली गर्दी, आणि हा गेलाच नाही, बड्या लोकांकडं जेवायला गेला. मशीन आणि भेटवस्तू माणसांबरोबर पाठवून दिल्या. ज्याला माहिती आहे की अनाथासारखं वाट बघणं काय असतंय त्यानंच असं करावं? मोठं झालेल्या माणसाचं हे मूळ शोधणं वगैरे मला म्हणून पटत नाही. आपल्याकडं पण गावाकडं येतेत, शाळेत सत्कार, कमान बांधीन म्हणून भाषण, पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत.

नवी_पेठ_कर

चूक ती चूकच, पण मला वेगळं दिसतं. पहिल्या वेळी तो गेला तेव्हा आतून ओढ होती. दुसऱ्या वेळी जाणार होता तो देणगीदार म्हणून, पेपरवाले घेऊन. त्याला ते झेपलं नसणार. पोराच्या जागी बसायला गेला होता, साहेबाच्या खुर्चीत बसायची वेळ आल्यावर पळाला.

देगाव_नाका

असेल. पण त्या पोरांना कोण समजावणार हे.

भद्रावती_अक्का

देगाव नाका, ह्या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं.

क्रॉयडनचा_सोलापूरकर

मी गेली काही वर्षं लंडनच्या दक्षिणेला राहतो, मूळ मुरारजी पेठ. ह्या जागा पायी फिरलोय त्यामुळं सांगतो.

पाउनल टेरेस आता नाही, पाडलं. पण मेथली स्ट्रीटचं घर आहे, केनिंग्टन रोडवर बाप जिथं राहायचा ते २८७ नंबर आहे, दोन्हीकडं पाटी आहे. आणि ज्या लँबेथ वर्कहाउसमध्ये त्याला घातलं होतं, त्याच्या उरलेल्या इमारतीत आता चक्क सिनेमाचं म्युझियम आहे! जुनी प्रोजेक्टर, थिएटरच्या खुर्च्या, तिकिटांचे बोर्ड. मला आपलं भागवत थिएटर आठवलं. जिथं आईपासून तोडलं त्याच जागेत त्याच्या धंद्याचं घर झालंय, मी तिथं बराच वेळ नुसता उभा होतो.

मेथली स्ट्रीटची एक गोष्ट त्यानं लिहिली आहे ती मला सगळ्यात भारी वाटते. जवळ कत्तलखाना होता. एक मेंढी सुटली आणि रस्त्यावर पळत सुटली. लोकं तिला धरायला धावतायत, एकमेकांवर पडतायत, सगळे पोट धरून हसतायत, चार्ली पण हसतोय. मग तिला धरून आत नेलं आणि ह्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आता तिला मारणार. रडत आईकडं गेला. त्यानं म्हटलंय की माझ्या सिनेमांतलं हसू आणि रडू एकत्र येतं त्याचं बी कदाचित तिथं पडलं असेल. म्हणून मला वाटतं तो केनिंग्टनला परत जायचा तो गरिबी आठवायला नाही, त्याचा सगळा माल तिथलाच होता. आई खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करायची, तेही तिथंच. आणि पाच वर्षांचा असताना आईचा आवाज स्टेजवर फाटला तेव्हा ह्याला पुढं केलं, ह्यानं गाणं म्हटलं आणि वर आईच्याच फाटक्या आवाजाची नक्कल केली, लोकं हसली. हसवायला तो असा शिकलाय.

शेंगाचटणी

आईच्या फाटक्या आवाजाची नक्कल... हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला बे.

भद्रावती_अक्का

आणि केनिंग्टन पार्कची गोष्ट कुणीच लिहिली नाही अजून? मला तीच सगळ्यात लागली. वर्कहाउसमधून आई स्वतःचं आणि पोरांचं नाव काढून घेते. सिडनीकडं नऊ पेनी असतात. त्यात अर्धा पौंड काळ्या चेरी घेतात, पार्कात बाकावर बसून खातात. सिडनी वर्तमानपत्राचा बोळा करून दोऱ्यानं बांधतो, त्याचा चेंडू करून तिघं खेळतात. दुपारी एका कॉफीच्या दुकानात उरलेल्या पैशाचा एक केक, एक खारा मासा आणि दोन कप चहा, तिघांत वाटून. आणि मग परत वर्कहाउसमध्ये जाऊन नाव घालतात. त्यांना वाईट वाटत नाही, तिघं खुशीत असतात, कारण एक दिवस एकत्र मिळाला.

त्या बाईनं हे केलं ते बघा. पैसे नाहीत, घर नाही, पण एक दिवस पोरांना दिला. आमची आई पण पगाराच्या दिवशी सिद्धेश्वरच्या तळ्यावर न्यायची, भेळ एक आणि आम्ही चौघं.

चाटी_गल्ली

धागा वाचून काढला, आता जरा कामाचं. सायझिंग_खातं, तुमच्या आजोबांचं गाव शोधायला मी ज्या रस्त्यानं गेलो तो सांगतो. जातपडताळणीसाठी आमची सगळी धावपळ झालेली आहे.

आधी अप्पांच्या शाळेत जा, पहिली ज्या शाळेत घातलं तिथं. जनरल रजिस्टरचा उतारा मागा, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा. साध्या दाखल्यापेक्षा त्यात जास्त असतं, जन्मस्थळ, आधीची शाळा, कधी कधी पालकाचा धंदा. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आजोबांची मृत्यूची नोंद मिळते, फक्त वर्ष अंदाजे तरी सांगावं लागतं, नाहीतर बाबूलोक वह्या काढत नाहीत. खेड्यातलं असेल तर तहसीलला गाव नमुना १४, कोतवाल बुक, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या. आपल्या बाजूच्या जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा माणूस धरावा लागतो. करीमनगर निजामाच्या राज्यात, तिकडची जुनी महसुली कागदं उर्दूत. गिरणीचं हजेरी कार्ड, पीएफची स्लिप, काही घरात पडलंय का बघा, त्यावर वडलांचं पूर्ण नाव असतंय.

पण सगळ्यात आधी अप्पांसमोर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. मी आईचं असंच केलं, आणि तिनं लग्नातल्या पंगतीचं सांगता सांगता तिच्या माहेरच्या देवीचं नाव घेतलं, त्यावरनं गाव लागलं. कागदात ते कुठंच नव्हतं.

तारेपलीकडं

चाटी गल्ली, आमच्याकडं हजेरीच्या वह्या असतील का कुठं? सेटलमेंटच्या?

चाटी_गल्ली

पुण्याच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे कागद आहेत, आणि मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. अर्ज करून बघायला मिळतात. तुम्ही जाणार असाल तर मी येतो, मला मोडी बऱ्यापैकी येते.

तारेपलीकडं

चालेल. मेसेज करतो.

सायझिंग_खातं

मंडळी, अपडेट. धाकट्याला हा धागा वाचायला दिला. तारेपलीकडं ह्यांचा प्रतिसाद आणि अक्कांचा पार्कवाला वाचून तो गप्प बसला, मग म्हणाला मीच नेतो अप्पांना, तू गाडी जोरात चालवतोस.

गेलो आम्ही काल. आमच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे, त्यांनी बसवून चहा दिला. अप्पा आत शिरताच डाव्या हाताला भिंतीत हात घालायला गेले, तिथं दिवळी होती, आता बुजवलीय. मग चाळीतल्या प्रत्येक खोलीत कोण राहायचं ते सांगायला लागले, साचेवाले कोण, वायंडिंगची बाई कोण, कुणाचा पोरगा कुठं गेला. धाकटा रेकॉर्डिंग करत होता, बॅटरी संपली म्हणून माझा फोन घेतला. आजोबांच्या गावाचं नाव त्यांना आठवत नाही, पण म्हणाले गावाबाहेर मोठं तळं आणि काठावर हनुमंताचं देऊळ. आता तेलंगणात तळं आणि हनुमंत नसलेलं गाव सापडायचं नाही, पण सुरुवात तर झाली.

पुढच्या आठवड्यात शाळेत उतारा मागायला जातोय. चाटी गल्ली, अर्जासोबत अप्पांचं आधार कार्ड चालतं का, की वारस म्हणून माझं पण लावायचं?

चाटी_गल्ली

अप्पा स्वतः येत असतील तर त्यांचंच पुरतं. अकराच्या पुढं जा, त्याआधी क्लार्क जागेवर नसतो. आणि उतारा मिळाला की गावाचं स्पेलिंग तेलुगूत काय होईल ते इथं टाका, पूर्व भागातल्या, म्हणजे आपल्या तेलुगू वस्तीतल्या, कुणाला तरी नक्की माहिती असणार.